पायातलं सोनं

जयदीप पोतदारला सोन्यातलं कळतं, असं किचनरच्या मराठी मंडळात सगळे म्हणायचे. का, तर त्याच्या आजोबांची सांगलीत छोटीशी पेढी होती आणि आडनाव पोतदार. लोकांना तेवढं पुरतं. खरं तर जयदीप बी.कॉम. होऊन एका औषध कंपनीचे हिशेब बघायचा आणि सोन्याशी त्याचा संबंध लग्नातल्या अंगठीपुरताच उरला होता. बायकोला, ऊर्मीला, किचनरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून तो तिच्यामागोमाग कॅनडात आला आणि पहिला हिवाळा त्याने एका ग्रोसरी स्टोअरच्या मागच्या खोलीत खोकी फोडण्यात घालवला. तिथून तो आर्थर पेलच्या वर्कशॉपमध्ये कसा पोचला, हे विचारलं की तो एकच उत्तर द्यायचा. बाहेर बर्फ पडत होता आणि आत हीटर होता.

हे वर्कशॉप बटणांच्या जुन्या कारखान्याच्या तळमजल्यावर होतं. आर्थर तरुणपणी इंग्लंडहून आलेला, जुन्या फर्निचरची डागडुजी करण्यात सगळं आयुष्य काढलेला माणूस. बोलायला तुसडा, पण शिकवायला बसला की हात आखडता घेत नसे. जयदीपने त्याच्याकडे आधी झाडू मारला, मग सरस उकळला, मग घासकाम केलं, आणि हळूहळू लाकडावर सोन्याचा वर्ख चढवायला शिकला. आणि मग कुणालाच, त्याला स्वतःलाही, अपेक्षा नव्हती ती गोष्ट झाली. त्याला ते काम फार चांगलं येऊ लागलं. नवा वर्ख जुन्याच्या शेजारी असा बसवायचा की कुठे जुनं संपलं ते बोट ठेवून सांगता येऊ नये, यात त्याचा हात आर्थरच्याही पुढे गेला. मंडळातले लोक म्हणाले, बघा, शेवटी रक्त बोलतं. जयदीपला हे आवडायचं नाही आणि आवडायचंही.

या वर्षी आर्थरची नजर साफ अधू झाली. समोरच्या वस्तूचा मधला भागच त्याला दिसेना, कडा तेवढ्या दिसत. मुलगी मॉन्ट्रियलला होती, ती त्याला घेऊन जायला बसली होती. ऑक्टोबरात त्याने जयदीपला समोर बसवून सांगितलं, की ओकव्हिलच्या मिसेस ॲशबींकडून खुर्च्यांची एक जोडी येते आहे, त्या मॉन्ट्रियलच्या एका संग्रहालयाला दिल्या जाणार आहेत. हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्या जयदीपने करायचं. ते नीट झालं की ख्रिसमसला किल्ल्या त्याच्या हातात, आणि दारावर पाटी त्याच्या नावाची.

जयदीप त्या दिवशी घरी गेला तो हवेतच. सहा वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता. पेढी आजोबांनंतर काकांकडे गेली होती आणि वडिलांच्या वाट्याला दुसऱ्याच्या दुकानातली नोकरी आली होती. आपल्या नावाची पाटी असलेलं दुकान ही गोष्ट पोतदारांच्या या शाखेत कुणी पाहिलेली नव्हती. ऊर्मीने लगेच पाटीचं डिझाइन करायला घेतलं. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या त्याच्या आईने, सुनंदाबाईंनी, देवापुढे साखर ठेवली.

मग खुर्च्या आल्या. इंग्लंडमध्ये, बहुधा लंडनमध्येच, तीनशे वर्षांपूर्वी घडवलेल्या अक्रोडाच्या खुर्च्या. लाकूड काळ्या मधासारखं, पाठीच्या माथ्यावर कोरलेला शिंपला, पुढच्या पायांच्या गुडघ्यांवर पानं, आणि खाली त्या पायांचे पंजे, चेंडू धरून बसलेले. त्या काळच्या चालीप्रमाणे कोरीव भागावर सोनं आणि बाकी लाकूड उघडं. निदान असं असायला हवं होतं. कारण मधल्या काळात कुणा दिव्य माणसाला सोनं मळकं वाटलं असावं, त्याने कोरीव भागांवर रेडिएटरला लावतात तसला सोनेरी रंग फासला होता. पुढे तो रंग काळवंडला. आता सगळं कोरीवकाम गंजलेल्या डब्यासारखं दिसत होतं. काम होतं ते हा रंग उतरवून खालचं मूळ सोनं मोकळं करायचं, आणि जिथे ते गेलं असेल तिथे नवं भरायचं.

आर्थरची या धंद्यातली एक शिस्त होती. तिला तो ‘खिडकी’ म्हणायचा. वरचा थर काढण्याआधी प्रत्येक भागावर नखाएवढी जागा उघडायची, भिंग लावून खाली काय आहे ते बघायचं, आणि मगच पुढे हात लावायचा. शिंपल्याची वेगळी खिडकी, पानांची वेगळी, पंजाची वेगळी. एका पायात सोनं सापडलं म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही. जयदीपच्या हाताने अशा शेकडो खिडक्या उघडल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी आर्थर मागे उभा राहून विचारायचा, उघडलीस का.

या वेळी आर्थर मागे नव्हता. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत रेडिओ लावून बसायचा.

जयदीपने शिंपल्यावर खिडकी उघडली. खाली सोनं होतं, आणि असलं सोनं की त्याला काही वेळ दुसरं काही सुचेना. दाट, जरासं लालसर, कुठे कुठे झिजून खालची लाल माती दाखवणारं. लाकडावर आधी सरस आणि खडूचा पांढरा लेप, त्यावर लाल मातीचा, त्यावर वर्ख, आणि मग अकीकाच्या दगडाने घोटायचं, ही रीत तेव्हाही हीच होती. तो कापसाचे बोळे फिरवत रंग उतरवत गेला आणि त्याची त्या माणसांशी ओळख होत गेली. खुर्चीचा सांगाडा करणारा एक, कोरणारा दुसरा, वर्ख लावणारा तिसरा. नाव एकाचंही राहिलेलं नव्हतं. कोरणारा डावखुरा असणार, कारण शिंपल्याच्या खोबणींत पटाशीच्या ओरखड्याची शेपूट उलट्या बाजूला निघत होती. वर्ख लावणारा काटकसरी होता, जिथे दिसणार नाही तिथे त्याने तुकडे जोडले होते. जयदीप त्यांना मनात डावरेबुवा आणि चिक्कूशेठ म्हणायला लागला. घरी आईला त्यांच्या गोष्टी सांगायचा. सुनंदाबाईंना चिक्कूशेठ पसंत पडले. सोनं लावणाऱ्याने असंच असावं, उधळ्या असू नये, असं त्यांचं मत पडलं.

गुडघ्यांवरच्या पानांत सोनं निघालं. मग तो पंजांकडे वळला.

आता इथे काय झालं ते सांगायचं तर आधी पेढीत जावं लागेल. जयदीपच्या लहानपणी एकदा एक नवश्रीमंत गृहस्थ आजोबांकडे आले आणि मुलीसाठी सोन्याचे पैंजण करा म्हणाले. आजोबांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, आणि ‘सोनं कमरेच्या खाली जात नाही, पायात चांदी’ असं सांगून सरळ वाटेला लावलं. लक्ष्मी ती. ती गळ्यात, हातात, नाकात, कानात. पायात नाही. हे जयदीपला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. उजव्या हाताने जेवायचं हे जसं शिकवलेलं आठवत नाही, तसंच हेही.

पंजा म्हणजे पाय. चेंडू धरलेला असला तरी पायच, आणि जमिनीला टेकलेला. त्यावरचा सोनेरी रंग मागाहून रंगवणाऱ्याने उत्साहाच्या भरात खालपर्यंत ओढला असणार, हे जयदीपच्या डोक्यात इतकं स्वच्छ होतं की तो विचार आहे हेही त्याला कळलं नाही. त्याने खिडकी उघडली नाही. पहिली खुर्ची घोंगडीवर आडवी केली, उजव्या पंजावर रंग उतरवायचा लेप थापला, आणि मग ओल्या फडक्याने तो पंजा खसाखसा पुसून काढला, लाकडापर्यंत. फडक्याला लाल लागलं. ते त्याने पाहिलं, नाही असं नाही. पण सांगलीच्या घरात लाल कोबा होता, आणि तिथल्या प्रत्येक खुर्ची-टेबलाच्या पायांना तो लाल रंग लागलेला असायचा. कुणाच्या तरी घरची लाल फरशी, असं म्हणून त्याने फडकं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. उघडं पडलेलं अक्रोडाचं लाकूड सुरेख दिसत होतं. त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन होतं. नोव्हेंबरातलं तिरकं ऊन खिडकीतून थेट जमिनीवर येत होतं. जयदीप डावा पंजा पुसायला बसला आणि सहज त्याची नजर कालच्या उजव्या पंजावर गेली. दोन नखांच्या मधल्या फटीत, जिथे फडकं पोचलं नव्हतं, तिथे दोऱ्याएवढी एक रेघ चमकत होती.

त्याने भिंग लावलं. मग उठून दुसऱ्या खुर्चीच्या दोन्ही पंजांवर खिडक्या उघडल्या. खाली सोनं होतं. दाट, जरासं लालसर. पहिल्या खुर्चीच्या डाव्या पंजावर उघडली, तिथेही होतं. चारातल्या तीन पंजांवर मूळ सोनं शाबूत होतं आणि चौथ्यावरचं त्याने काल स्वतःच्या हाताने फरशीची घाण समजून पुसून टाकलं होतं. कोपऱ्यातून आर्थरने विचारलं, कसं काय चाललंय, आणि जयदीप म्हणाला, चाललंय.

घरी त्याने लपवलं नाही. जेवताना सगळं सांगितलं, आणि तीन बायकांनी तीन तऱ्हेने ऐकलं.

सुनंदाबाईंचा घास हातात राहिला. त्यांना नुकसानाचं काही वाटलंच नाही, त्या मुळावरच अडल्या. “खुर्चीच्या पायाला सोनं? आणि वर बसायचं?” त्या म्हणाल्या. “बरं केलंस काढलंस ते.”

जाई, त्यांची नात, सातवीत होती. तिने आजीला समजावलं, “पण आज्जी, इट्स अ चेअर. खुर्चीला थोडीच कळतं?” मग बापाकडे वळून म्हणाली, “बट बाबा, त्यांना तो रूल माहीत नव्हता ना? सो यू शुड हॅव चेक्ड.” इतकं सरळ बोलून तिने दही मागितलं.

ऊर्मीने मुलगी उठून जाईपर्यंत कळ काढली. ती रागावली नव्हती, ती तोडगा काढण्यात होती, कारण तिचं आयुष्यच दुसऱ्यांनी केलेले घोळ निस्तरण्यात जात होतं. तिने विचारलं, तसंच सोनं परत लावता येईल का. जयदीप म्हणाला, येईल. आर्थरला कळेल का? डोळ्यांनी नाही. आर्थर अंगठा फिरवून सोनं ओळखायचा, पण अंगठाही फसेल इतकं आपण करू शकतो, हे जयदीपला माहीत होतं. आणि खुर्च्या ताब्यात घेणाऱ्या संग्रहालयाच्या बाई? त्या तर कधीच ओळखणार नाहीत.

“मग फिक्स कर ना, जय,” ऊर्मी म्हणाली. “एक पाय आहे. सहा वर्षं वेट केलंयस तू या शॉपसाठी. आत्ता जाऊन कन्फेस करून कुणाचं भलं होणार आहे?”

ती चुकीचं बोलत नव्हती. निदान त्या वेळी जयदीपला तिच्या बोलण्यात एकही फट सापडेना, आणि खरं सांगायचं तर त्याने ती फार शोधलीही नाही.

सकाळी त्याने तयारीला सुरुवात केली. सरस भिजत घातला, खडू चाळून घेतला. पुढे प्रश्न आला तो लाल मातीचा. वर्खाखालच्या मातीचा रंग जरा चुकला तर वरच्या सोन्याची झाक बदलते. फिकट माती, फिकट सोनं. बाकीच्या तीन पंजांशी जुळायला हवं तर चिक्कूशेठची लाल माती नेमकी कुठल्या लालची होती ते बघायला हवं होतं, आणि फटीतली रेघ त्याला फार अपुरी होती. मग त्याला आठवलं. त्याने पत्र्याच्या डब्याचं झाकण काढून परवाचं फडकं बाहेर काढलं आणि उजेडात टेबलावर पसरलं.

फडकं वाळून कडक झालं होतं. लाल रंग हवा तसा, अगदी स्वच्छ मिळाला. पण घड्या उलगडल्या तसं त्या लालात जागोजाग बारीक चमचम दिसायला लागली. कणच ते, मिठाहूनही बारीक. पेढीत संध्याकाळी झाडलोट झाली की कचरा टाकून देत नसत, तो पोत्यात भरून ठेवत आणि वर्षाकाठी त्यातून सोनं गाळून घेणारे झारेकरी येऊन तो घेऊन जात. सोन्याचा कण केरात जाऊ द्यायचा नाही, हेही त्या घरात कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि त्याच घरातल्या मुलाने एका माणसाचं तीनशे वर्षं टिकलेलं सोनं पोतेऱ्याने पुसून डब्यात टाकलं होतं. जयदीपला रडू आलं. आवाज न होईल असा तो रडला, नाक पुसलं, आणि ते फडकं तळहातावर धरून आर्थरच्या कोपऱ्यात गेला.

आर्थरने आधी रेडिओ बंद केला. मग ऐकून घेतलं. मग फडकं मागून घेतलं आणि मान वाकडी करून, नजरेच्या कडेने, बराच वेळ बघितलं.

“खिडकी का नाही उघडलीस?” त्याने विचारलं.

“आमच्यात पायात सोनं घालत नाहीत. तिथे ते असेल असं माझ्या मनातच आलं नाही.”

“कुणी सांगितलं तुला, घालत नाहीत म्हणून?”

“कुणी सांगावं लागत नाही,” जयदीप म्हणाला.

आर्थरने फडक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “जिथे शंका असते तिथे कुणीही खिडकी उघडतो, जयदीप. जिथे खात्री असते तिथे उघडायची असते. सहा वर्षं मला वाटत होतं, हे तुला सांगून झालंय.”

त्याने आरडाओरडा केला नाही. केला असता तर जयदीपला सोपं गेलं असतं. तो फडकं गुडघ्यावर ठेवून बसला आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाला, की ख्रिसमसचं आता विसर. तो मॉन्ट्रियलला ईस्टरनंतर जाईल. तोवर प्रत्येक कामाची प्रत्येक खिडकी जयदीपने त्याला बोलावून दाखवायची. दिसो न दिसो, तो येऊन उभा राहील. ईस्टरला बघू. आणि आत्ता फोन उचल आणि ओकव्हिलला लाव, मी लावणार नाही.

जयदीपने फोन लावला. मिसेस ॲशबींनी सगळं ऐकून घेतलं, फक्त मधे एकदा विचारलं की बाकीचे पाय सुरक्षित आहेत ना, आणि संग्रहालयाशी बोलून कळवते म्हणाल्या. त्यानंतरचे दिवस जयदीपचा पाय जमिनीला लागत नव्हता, पण पहिल्यासारखा आनंदाने नव्हे. जोडी परत नेतात की काय, ही धास्ती होती. तसं झालं असतं तर ईस्टरलाही काही बघण्यासारखं उरलं नसतं. ऊर्मीने पाटीचं डिझाइन असलेला कागद फ्रिजवरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि ते जयदीपला कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

शेवटी संग्रहालयाच्या बाई स्वतः आल्या. फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्या, हातमोजे घालून खुर्च्यांना हात लावणाऱ्या. त्यांनी दोन्ही खुर्च्या तपासल्या, चारही पंजे पाहिले, फडकं मागून घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, आणि निर्णय सांगितला. पंजावर नवं सोनं चढवा, म्हणजे जोडी जोडी दिसेल. पण मागच्या बाजूला नखाएवढी जागा लाकूडच ठेवा, म्हणजे उद्या कुणी बघितलं तर कळेल. आणि संग्रहालयाच्या नोंदीत हे लिहिलं जाईल. त्यांनी जयदीपला आडनावाचं स्पेलिंग विचारलं. सांगाडा करणारा, कोरणारा, वर्ख लावणारा, या खुर्चीवर काम केलेल्या कुणाचंच नाव कुठे नव्हतं, आता एकाचं लागणार होतं, आणि ते एका पुसलेल्या पंजासाठी. जयदीपने पी, ओ, टी असं एकेक अक्षर सांगितलं. बाईंनी ते नीट लिहून घेतलं.

तोवर शिंपल्याचं आणि पानांचं सुटलेलं सोनं त्याने पक्कं करत आणलं होतं आणि ते अजून नाजूक होतं. त्यामुळे आर्थरने खुर्ची आडवी करायला साफ मनाई केली. ती वर्कशॉपमधल्या बुटक्या चौरंगावर उभीच ठेवायची आणि जे करायचं ते तसंच. खडूचे थर झाले, ते घासून झाले, लाल माती झाली. वर्ख चढवायचा दिवस आला. जयदीप आधी स्टुलावर बसला, मग जमिनीवर मांडी घालून. मोठा भाग तसा झाला. पण नखांच्या खालच्या बाजूला आणि चेंडूच्या पोटाला हात जाईना. तिथे बारीक तुकडे लावायचे, आणि ते बसायला खालच्या मातीवर तोंडाची वाफ सोडावी लागते, अगदी जवळून, म्हणजे ती ओलसर होऊन वर्ख ओढून घेते. त्यासाठी त्याला गुडघे टेकावे लागले, मग कोपरं, आणि शेवटी चौरंगावर गाल टेकवून तोंड त्या पंजाला लावावं लागलं.

तसा तो बराच वेळ होता. खारीच्या केसांचा चपटा ब्रश वरच्या गालावरून फिरवायचा, त्या तेलकटपणाला वर्खाचा तुकडा चिकटतो, मग हळूच श्वास सोडायचा आणि तुकडा टेकवायचा. तो आपोआप ओढला जातो. आर्थर मागे उभा होता, काही दिसत नसताना. मान अवघडली तेव्हा जयदीपच्या लक्षात आलं, की चिक्कूशेठनेही हे असंच केलं असणार. खुर्चीच्या पायाला सोनं लावायचं तर दुसरा मार्गच नाही. ज्यांनी नंतर त्या खुर्चीवर बसून पाय पसरले त्यांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण लावणाऱ्याचं डोकं त्या वेळी जमिनीशी होतं. फटीतली ती जुनी रेघ जयदीपच्या डोळ्यांपासून बोटभर अंतरावर होती. त्याने नवं सोनं तिला लागून नेलं आणि तिथे थांबवलं.

घोटून झाल्यावर आर्थर वाकला, चाचपडत त्याने पंजा शोधला आणि अंगठा फिरवला. सगळ्या नखांवरून, चेंडूवरून. मागची उघडी जागा लागली तिथे अंगठा थांबला. चांगलं आहे, असं तो म्हणाला नाही. उद्या दुसऱ्या खुर्चीच्या शिंपल्याची खिडकी मला बोलावून उघड, एवढं म्हणाला आणि कोट चढवायला गेला.

जयदीप घरी आला तेव्हा सुनंदाबाई डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या. ऊर्मी अजून ऑफिसातून आली नव्हती. त्याच्या गालाला वर्खाचा एक कण चिकटून राहिला होता, तो त्यांनी लगेच हेरला.

“लावलंस म्हणजे शेवटी,” त्या म्हणाल्या. “पायाला.”

“लावलं.”

त्यांनी आणखी दोन-तीन काड्या निवडल्या. नापसंती चेहऱ्यावर स्पष्ट होती. मग त्यांनी विचारलं, “लावतात तरी कसं ते, इतक्या खाली?”

“गुडघे टेकून,” जयदीप म्हणाला. “डोकं पायाशी ठेवायला लागतं, आई. त्याशिवाय बसतच नाही.”

सुनंदाबाईंचा हात थांबला. त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं, पुढे झुकून त्याच्या गालावरचा कण बोटाच्या टोकावर उचलला, आणि इकडेतिकडे बघून, देव्हारा लांब होता म्हणून, स्वतःच्याच कपाळाला लावला.

“मग असू दे,” त्या म्हणाल्या, आणि मेथीची दुसरी जुडी सोडायला घेतली.